मुका खांब

आईचं इंग्रजी म्हणजे मी होते. ती राजापूरकडच्या एका खेड्यात मराठी चौथीपर्यंत शिकलेली. मराठी वाचायची, पण सावकाश, ओठ हलवत. इंग्रजी अक्षर दिसलं की मात्र कागद नीट न बघताच माझ्याकडे सरकवायची. औषधाच्या बाटलीवरचं, बाबांच्या कारखान्यातून आलेलं, पार्सलवर छापलेलं, सगळं मीच वाचायचे. "सुमे, बघ गं काय म्हणतंय ते," असं ती म्हणाली की मी हातातलं काम टाकून उठायचे आणि उगाचच जरा वेळ घेऊन वाचायचे. बाबा घरात असले तरी ती मलाच हाक मारायची. याचा मला किती माज होता ते आता लिहिताना कळतंय. त्या वेळी मी नववी-दहावीत होते आणि वर्गात माझं इंग्रजी बेताचंच होतं, पण आमच्या दोन खोल्यांत माझ्यापेक्षा मोठं कुणी नव्हतं.

आम्ही डोंबिवली पश्चिमेला एका तिमजली इमारतीत राहायचो. खाली पिठाची गिरणी होती. ती सकाळी सुरू झाली की एक वाजेपर्यंत आमची जमीन हलकीशी थरथरत असायची आणि गॅलरीच्या कठड्यावर पिठाचा थर बसायचा, बोटानं नाव लिहिता येईल इतका. एकला गिरणी बंद व्हायची ती चारला पुन्हा सुरू. साडेतीनच्या सुमाराला नळाला पाणी यायचं. मधल्या त्या शांत अडीच तासांत दर मंगळवारी आमच्या बाहेरच्या खोलीत बायका जमायच्या. समोरच्या कुलकर्णीकाकू, तळमजल्यावरच्या शालिनीताई आणि आणखी दोघीतिघी. प्रत्येकीच्या हातात क्रोशाची सुई, मांडीवर पांढऱ्या दोऱ्याचा गुंडा. कुणाच्या मुलीच्या रुखवताचा रुमाल, कुणाचं तोरण, कुणाचं रेडिओवर टाकायचं कापड. मध्ये ताटलीत भाजलेले शेंगदाणे नाहीतर आईची आंबोळी. पाणी आल्याचा आवाज झाला की अर्ध्या टाक्यावर मंडळ उठायचं.

त्यांच्यात आईचा हात सगळ्यात सफाईचा. सुई धरली की ती खाली बघायचीच नाही. बायका तिला विचारायच्या आणि ती सांगायची, "पाच साखळ्या, एक मुका खांब, मग दोन खांब, आणि वळव." मुका खांब म्हणजे बुटका टाका, नुसता अडकवून ओढून घ्यायचा. खांब म्हणजे सुईवर दोऱ्याचा वेढा घेऊन घातलेला उंच टाका. एवढे दोन शब्द ज्याला कळले त्याला ते मंडळ कळलं. मला टाके घालता येत नव्हते, शिकावंसंही वाटलं नाही. माझं काम वेगळं होतं. बाबा कधी मुंबईच्या फुटपाथवरून नमुन्यांची जुनी इंग्रजी पत्रकं आणायचे आणि ती वाचायला मी बसायचे. त्यात वाक्यं नसायचीच. डीसी, टीआर, सीएच, एसएस, मध्येच कंसात आकडे. शाळेतला शब्दकोश घेऊन बसले तरी त्यात यातलं काही सापडेना. बाबांना विचारलं तर म्हणाले, "डीसी म्हणजे करंट. आमच्या कारखान्यात आहे. हात लावू नका, दोघी मराल." आई इतकी हसली की तिच्या सुईवरचे टाके सुटले. मग आम्ही दोघी चित्र डोळ्यांजवळ धरून एकेक टाका मोजायचो. मी अक्षरं वाचायचे, ती चित्रावरून ताडायची, "हा टीआर उंच दिसतोय. खांब असणार." निम्म्या वेळा चुकायचं. चुकलं की उसवायचं. त्या उसवण्यात जितकं सुख होतं तितकं मला पुढे कशातच मिळालं नाही, असं म्हटलं तर माझी मुलं रागावतील, पण खरं तसंच आहे.

आता माझी नात ठाण्यात राहते आणि फोनवरच्या एका क्रोशाच्या ग्रुपमध्ये आहे. त्यातल्या चारशे बायका एकमेकींना कधी भेटलेल्या नाहीत. "आजी, माझे तीन डब्ल्यूआयपी पडलेत आणि एक यूएफओ," असं ती म्हणते तेव्हा कळतं की तीन कामं अर्धवट आहेत आणि एक तर कधी होणारच नाही. उसवण्याला ती फ्रॉग करणं म्हणते. परवा ती मला सहज विचारून गेली, "आजी, हा पॅटर्न यूएस टर्म्समध्ये आहे की यूकेच्या?" आणि मी हातातली वाटी खाली ठेवली. त्या प्रश्नाचं उत्तर मला वयाच्या सोळाव्या वर्षी माहीत होतं. माहीत असून मी ते दिलं नव्हतं.

तर, अ‍ॅग्नेस. दुसऱ्या मजल्यावर तिचे मामा राहायचे. ती मूळची माजिवड्याची, तिथल्या जुन्या ख्रिश्चन शेतकरी घरातली. आई लहानपणी गेलेली, आजीनं वाढवलेली. कल्याणच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी लागली म्हणून मामांकडे राहायला आली. माझ्याहून चार वर्षांनी मोठी. पहाटेची पाळी करून दुपारी मोकळी व्हायची. एका मंगळवारी ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी, मी बसू का? मला येतं थोडं." थोडं कसलं! सिस्टर्सच्या शाळेत ती हे सगळं रीतसर शिकली होती. खुर्चीवर आमचं एक पत्रक पडलं होतं. ते उचलून तिनं वर्तमानपत्रासारखं घडाघडा वाचलं, "हां, हे सोपंय. डीसी म्हणजे आपला मुका खांब. टीआर म्हणजे खांब. सीएच म्हणजे साखळी. एसएस म्हणजे नुसतं सरकवायचं." आईनं सुई खाली ठेवली. तिच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला तो मी याआधी बघितला नव्हता. "म्हणजे हे सगळं वाचता येतं?" असं तिनं विचारलं. मी तिथेच बसले होते. दोन वर्षं मी जे वाचत होते ते वाचणं नव्हतंच, असा त्याचा अर्थ झाला.

महिन्याभरात आमच्या घराची भाषाच बदलली. आई, जिला ए आणि बी ओळखता येत नव्हतं, ती चुलीवर आमटी ठेवून म्हणायची, "अ‍ॅग्या, इथं तीन टीआर घेतले तर?" अ‍ॅग्या! माझं नाव सुमन, आणि मी आयुष्यभर सुमे. या मुलीला मात्र चार आठवड्यांत लाडाचं नाव मिळालं. कुलकर्णीकाकूसुद्धा "माझा एक डीसी हुकला गं बाई" म्हणायला लागल्या. सगळ्या हसायच्या आणि मला कळायचंच नाही की कशाला हसतात. मी मुद्दाम त्या वेळी आतल्या खोलीत मोठ्यानं भूगोल पाठ करायचे. मंगळवारची आंबोळी झाली की पहिली, काठानं कुरकुरीत झालेली, आई अ‍ॅग्नेससाठी झाकून ठेवायची. नाताळात अ‍ॅग्नेसनं गावाहून डबाभर फुगे आणले, तळलेले, गोल, हलके. आईनं दोन खाल्ले आणि म्हणाली, "सुमे, खाऊन तरी बघ." मी पोट दुखतंय म्हणाले. ती झोपल्यावर दुपारी मी डब्यातले चार खाल्ले आणि ते चांगले होते याचाही मला राग आला.

त्याच सुमाराला कल्याणच्या एका महिला संस्थेत हस्तकलेच्या बाईंची जागा निघाली. शिक्षणाची अट नव्हती. स्वतः पूर्ण केलेलं एक मोठं काम ठरल्या तारखेला आणून दाखवायचं, एवढंच. अ‍ॅग्नेसनं आईच्या मागे लकडा लावला. आई आधी नाही नाही म्हणाली, मग एका संध्याकाळी तिनं बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, "तुला जमेल. जा." आईनं आयुष्यात पहिल्यांदा कुठेतरी स्वतःच्या नावानं अर्ज केला. अर्ज अ‍ॅग्नेसनं लिहिला. अ‍ॅग्नेसच्या एका मावशीनं परदेशाहून मासिक पाठवलं होतं, त्यात गोल टेबलक्लॉथचा नमुना होता, बाहेरच्या कडेला शिंपल्यांची नक्षी. तो ठरला. अ‍ॅग्नेसनं पहिल्या वीस फेऱ्या वहीत मराठीत उतरवून दिल्या, "खांब, साखळी, खांब" अशा. आईनं दोन महिन्यांत त्या पूर्ण केल्या. मधला भाग जमिनीवर पसरला तर टाचणी न लावता सपाट बसायचा.

आणि मग माजिवड्याहून निरोप आला की अ‍ॅग्नेसची आजी पडली, कंबरेचं हाड मोडलं. ती रजा टाकून त्याच दिवशी गेली. उरलेल्या फेऱ्या उतरवायच्या राहून गेल्या. आई मासिक घेऊन माझ्याकडे आली. "सुमे, आता तूच बघ गं." मी भूगोलाचं पुस्तक मिटलं आणि तिच्याशेजारी जाऊन बसले. त्या मासिकात बाहेरच्या फेऱ्यांना सगळीकडे डीसी आणि सीएच एवढंच होतं. मी वाचलं, आईनं मान हलवली, "डीसी म्हणजे मुका. हे मला आता येतं." आणि तिनं मुके खांब घालायला सुरुवात केली.

चौथ्या दिवशी पोस्टमन आला तेव्हा आई खाली दळण आणायला गेली होती. कार्ड होतं, उघडं, मराठीत. मी जिन्यातच वाचलं. "प्रिय मावशी, घाईत एक सांगायचं राहिलं. हे मासिक अमेरिकेचं आहे. त्यांचा डीसी म्हणजे आपला मुका नव्हे, आपला खांब. आपल्याकडची पत्रकं इंग्लंडची, म्हणून नाव तेच आणि टाका वेगळा. विसाव्या फेरीनंतर सगळे खांबच घाला. आजीला उठता येत नाही. मी महिनाभर तरी इथेच. तोवर माझी जागा सुमनला द्या, पण तात्पुरती हं! तुमची अ‍ॅग्या."

माझी जागा. तिची जागा! तिनं ते हसत लिहिलं असणार, आज मला ते स्वच्छ दिसतं. तेव्हा ते दोन शब्द माझ्या कानशिलात वाजले. मी वर गेले, कार्ड भूगोलाच्या पुस्तकात ठेवलं आणि पुस्तक दप्तरात. आई डबा घेऊन वर आली, पदराला पीठ लागलेलं. "कोण आलं होतं?" तिनं विचारलं. मी म्हणाले, "कोणी नाही."

पहिले काही दिवस मी सुखात होते, हे लपवण्यात आता काय अर्थ? शाळेतून आले की आई मासिक पुढे करायची, मी वाचायचे, कुरकुरीत आंबोळी मला मिळायची. पण विसाव्यानंतरच्या पाचव्या-सहाव्या फेरीला कापडाची कड उचलायला लागली. टाके ठरल्याइतके पडत होते, पण बुटके असल्यामुळे गोल हवा तितका वाढत नव्हता, आणि सगळा पसारा तळलेल्या पापडासारखा वरखाली व्हायला लागला. आईनं हातानं दाबून पाहिलं, ओलं करून ताणून पाहिलं. मग उसवलं. पुन्हा घातलं, यावेळी हात सैल सोडून. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा उसवताना दोरा विसविशीत झाला, त्यावर बोटांचा मळ बसला. मंगळवारी बायकांनी बघितलं. कुलकर्णीकाकूंनी फक्त शेंगदाण्यांची ताटली तिच्याकडे सरकवली. बायका गेल्यावर आई आपले दोन्ही पंजे पुढे धरून बघत बसली. "माझा हात गेला बहुतेक," ती म्हणाली. "असं होतं म्हणतात. आयुष्यभर असतो आणि एकदम जातो."

मी म्हणाले, "आई, खांब घालून बघ ना."

"डीसी लिहिलंय ना?"

"लिहिलंय, पण..."

"मग मुकाच. अ‍ॅग्यानं शिकवलंय. ती चुकायची नाही." आणि वर न बघता ती म्हणाली, "तू आपली वाच. त्यातलं तुला काय कळतंय?"

एवढं बोलली नसती तर मी त्या दिवशी कार्ड काढून दिलं असतं. कदाचित. मी वाचत राहिले. डीसी, डीसी, सीएच दोन, डीसी.

मुदतीला दहा दिवस राहिले तेव्हा आईनं कापड स्वच्छ पंच्यात बांधलं आणि म्हणाली, "चल माझ्याबरोबर. माजिवड्याला जाऊन येऊ." ती एकटी ठाण्याला कधी गेली नव्हती. ठाण्याला उतरून बसनं गेलो. तेव्हा तिथे हायवेच्या कडेनं अजून भाताची शेतं होती. अ‍ॅग्नेसचं घर कौलारू, अंगणात चुना लावलेला क्रूस, त्याच्या पायाशी झेंडूची फुलं, आणि सुपात वाळत घातलेलं सुकट. आजी खाटेवर पडलेली. अ‍ॅग्नेसनं आईला बघितलं आणि ती अक्षरशः धावत आली. आईच्या गळ्यात पडली. मी दारातच उभी राहिले, चपलेचा पट्टा सोडवत.

तिनं कापड आजीच्या पायाशी पसरलं. बोटानं टाके मोजले, मासिक बघितलं, आणि हसली. "मावशी! मुके घातलेत की सगळे! अहो, मी कार्ड टाकलं होतं ना? मिळालं नाही?"

आई माझ्याकडे वळली. फार वेळ नाही, सुईत दोरा ओवायला लागतो तेवढाच. माझ्या तोंडावर काय होतं ते मला माहीत नाही, पण तिला जे वाचायचं होतं ते तिनं वाचलं.

"मिळालं ना," आई म्हणाली. "मिळालं होतं. वाचलं आणि ठेवलं कुठंतरी, मग डोक्यातूनच गेलं बघ. मेलं माझंच डोकं."

"तुमचं डोकं? तुम्ही तर टाका विसरत नाही."

"होतं गं असं. वय झालं." आई चाळीसचीही नव्हती. आजी खाटेवरून म्हणाली, "पोरीला चहा दे आधी, उन्हातून आलीये," आणि अ‍ॅग्नेसनं मला चहा आणून दिला, बशीसकट. मी तो बशीत ओतून तसाच ठेवला.

परतताना बसस्टॉपवर आई म्हणाली, "कार्ड कुठाय?"

"भूगोलाच्या पुस्तकात."

"घरी गेल्यावर दे."

दिलं. तिनं खिडकीशी उभं राहून ते सावकाश वाचलं, ओठ हलवत, शेवटच्या ओळीपर्यंत. मग घडी न घालता फडताळात देवाच्या पोथीखाली ठेवलं. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं परातीत भाकरीचं पीठ घेतलं आणि माझ्याकडे पाठ करून मळायला लागली. मळता मळताच विचारलं, "का गं केलंस?"

मी म्हणाले, "तू तिला अ‍ॅग्या म्हणतेस."

तिचे हात थांबले. "तिला आई नाही, सुमे," ती म्हणाली. "तुला आहे. म्हणून मला वाटलं तुला पुरेल." मग तिनं भाकऱ्या थापल्या, मला वाढलं, बाबांना नेहमीसारखं दिवसाचं सगळं सांगितलं. कार्डाचं सोडून.

दहा दिवसांत ते काम पूर्ण होण्यासारखं नव्हतं. तिनं हातातलं सगळं सोडून सात फेऱ्या घातल्या, खऱ्या खांबांच्या, आणि कड पुन्हा सपाट बसली. शिंपले राहिले. ठरल्या दिवशी ती तसंच अर्धवट कापड घेऊन कल्याणला गेली. तिथल्या बाईंनी हात लावून कौतुक केलं, पण नियम नियमच होता. जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. आई घरी आली, लुगडं बदललं आणि तांदूळ निवडायला बसली. ती जागा पुन्हा कधी निघाली नाही. आईनं पुन्हा कधी अर्जही केला नाही. पुढे अ‍ॅग्नेसचं वसईला लग्न ठरलं तेव्हा ते कापड शिंपल्यांसकट पूर्ण होऊन तिच्याकडे गेलं. ते पोचवायला आईनं मला पाठवलं. त्या दिवशीसुद्धा, रिठ्यानं धुऊन खळीनं कडक केलेलं ते ओझं हातात असताना, मला वाटत होतं की हे माझ्या रुखवतात असायला हवं होतं. पश्चात्ताप झाला की मत्सर जातो असं लोक म्हणतात. माझा तरी गेला नाही. दोघं शेजारीशेजारी राहिले. अ‍ॅग्नेसनं मला कार्डाबद्दल कधीच विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही.

पण मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं. कल्याणहून आल्यावर आठ दिवसांनी, गिरणी बंद झाल्यावर, आई माझी जुनी पाटी घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. "मला एबीसीडी शिकव," ती म्हणाली. मी म्हणाले, "कशाला? मी आहे ना वाचायला." ती पाटी पुढे धरून बसून राहिली. मग मला कळलं, आणि मी पेन्सिल हातात घेतली.

तिला शिकवणं अवघड नव्हतं. तिची बोटं वळणं पटकन धरायची. सी काढायला सोपा, डी उलटा व्हायचा. बी आणि डीची तिनं फार दिवस गल्लत केली. मी तिचा हात धरून गिरवून घ्यायचे आणि मला दर अक्षरागणिक कळत होतं की आपण काय करतोय. एकदा मी एस मुद्दाम चुकीचा काढून दाखवावा असंही मनात आलं. पण बरोबर काढला. दिवाळीपर्यंत तिची सव्वीस अक्षरं झाली, आणि उन्हाळ्यापर्यंत जोडून वाचणं.

मी कॉलेजला जायला लागले त्या वर्षीची गोष्ट. दुपारी घरी आले तर दार उघडं होतं आणि आई खिडकीशी बसली होती. मांडीवर नवीन पत्रक, ओळीखाली डाव्या हाताचं बोट. तिला चाहूल लागली नाही. ती एका शब्दाशी अडली, मागे गेली, पुन्हा अडली. मी उंबऱ्यावर थांबले. आता मान वर करेल, आता हाक मारेल, म्हणून मी पुस्तकं खाली ठेवायला वाकलेसुद्धा. तिनं तो शब्द तोडून तोडून, एकेक अक्षर लावत म्हटला. मग पुन्हा सलग म्हटला, हळूच, स्वतःशीच हसली, आणि सुई उचलली. मी चपला काढल्या, तिच्या मागून आत गेले आणि चहाचं आधण ठेवलं.